थांबणारा पैसा

कर्जाचा हप्ता पहिल्याच महिन्यापासून का सुरू होतो, हा प्रश्न मला गटांच्या बैठकीत नेहमी विचारला जातो. आज त्यावर बोलायचे आहे, पण जरा लांबच्या वाटेने. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४६ साली सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीची गोष्ट सांगते. कंपनीचे नाव हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन. नाव दातांत अडकणारे आहे, गोष्ट तशी नाही. मी बी.ए. झालेली, विज्ञान माझे दहावीलाच सुटले. मला कळली, तर तुम्हाला नक्की कळेल.

थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी काढताना चट्‌चट् आवाज येतो, अंगावरचे केस उभे राहतात. ती वीजच असते, घासण्यातून साठलेली. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ या तरुण शास्त्रज्ञाने १९२९ साली हीच वीज साठवत न्यायचे यंत्र केले. पिठाच्या गिरणीचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. दोन चाकांवर पट्टा फिरतो आहे, खाली त्याच्यावर वीज चढवली जाते, पट्टा ती वर नेतो आणि वरच्या धातूच्या पोकळ गोळ्याला देतो. ओंजळीओंजळीने हंडा भरावा तसा तो गोळा भरत जातो. व्हॅन डी ग्राफने पहिला पट्टा साध्या रेशमी फितीचा केला होता. तेवढ्यावर त्याने ८० हजार व्होल्टपर्यंत मजल मारली. १९३१ मध्ये दोन गोळ्यांच्या यंत्राने १५ लाख व्होल्ट गाठले. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, यावरून अंदाज करा.

एवढी वीज कशाला? तर अणू पळवायला. अणूतला एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला किंवा जास्तीचा चिकटवला, की त्या अणूला विजेचा भार येतो. अशा भारित अणूला आयन म्हणतात. साध्या अणूला वीज ढकलू शकत नाही, आयनाला ढकलू शकते. हवा काढून घेतलेल्या लांब नळीत असे असंख्य आयन एका रेषेत वेगाने सोडले, की तो झाला आयनांचा झोत. तो कशावर तरी आदळवायचा आणि काय होते ते पाहायचे. अणूच्या पोटात काय आहे, हे माणसाला बरेचसे अशा आदळण्यातूनच कळले. त्याच यंत्रात आयनांऐवजी इलेक्ट्रॉन पळवून धातूवर आदळले, की जोरकस एक्स-रे निघतात. ते कॅन्सरच्या गाठीवर सोडता येतात. १९३७ मध्ये असे दहा लाख व्होल्टचे यंत्र बोस्टनच्या एका रुग्णालयात बसलेसुद्धा.

ते काम व्हॅन डी ग्राफबरोबर करणारे इंजिनिअर होते जॉन ट्रम्प. होय, तेच आडनाव, डोनाल्ड ट्रम्प यांचे ते सख्खे काका. दुसरे महायुद्ध संपल्यावर या दोघांनी डेनिस रॉबिन्सन या ब्रिटिश गृहस्थांना सोबत घेतले आणि कंपनी काढली. दोघांच्या डोक्यात यंत्र, तिसऱ्याकडे कारभार. आता आपल्या कामाचा प्रश्न येतो. पैसा कुणी दिला?

बँकेला अशा कंपनीचे काय वाटणार, सांगा. गहाण ठेवायला काही नाही. गिऱ्हाईक म्हणजे मोजकी रुग्णालये आणि विद्यापीठे. एक यंत्र करायलाच कितीतरी महिने. पहिला हप्ता कुठून भरायचा? पण त्याच १९४६ साली बोस्टनला एआरडी नावाची एक संस्था निघाली होती. नव्या कल्पनांच्या छोट्या कंपन्यांत भागीदारीच्या हिशेबाने पैसे घालायचे आणि थांबायचे, हे तिचे काम. तिने या कंपनीत दोन लाख डॉलर घातले. तिच्या संस्थापकांपैकी एक होते कार्ल कॉम्प्टन, एमआयटी या मोठ्या तंत्रसंस्थेचे अध्यक्ष. यातून बहुधा पैसा सुटणार नाही, पण कॅन्सरवर उपचाराचे काम आहे म्हणून हात द्यावा, असे त्यांचे मत होते. पुढे १९५५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, तेव्हा त्या दोन लाखांची किंमत सुमारे १८ लाख डॉलर झाली होती.

ही गोष्ट फार गोड करून सांगायला मला आवडणार नाही. व्हॅन डी ग्राफला एमआयटीत आणणारे कॉम्प्टनच होते. म्हणजे पैसा ओळखीतूनच आला. ओळख नसलेल्या एखाद्या हुशार माणसाला तो मिळाला असता का, कुणास ठाऊक. आपल्या ग्रामसंघातही ज्यांचे घर अध्यक्षांच्या गल्लीत, त्यांचा अर्ज आधी वाचला जातो. हे आपण सगळ्या जाणतो, बोलत नाही. शिवाय एआरडीचे सगळेच पैसे असे फळले नाहीत, काही बुडालेही.

आणखी एक गंमत. ज्या कामासाठी कंपनी निघाली, तेच तिचे मोठे काम राहिले नाही. १९५० नंतर कॅन्सरसाठी कोबाल्टची यंत्रे आली, मग आणखी वेगळी आली. कंपनीला खरे गिऱ्हाईक मिळाले ते अणूचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांचे. त्यांच्यासाठी तिने टँडम नावाचे यंत्र केले. त्यात आयनाला आधी गोळ्याकडे ओढून घ्यायचे, तिथे त्याचे इलेक्ट्रॉन सोलून भार उलटा करायचा आणि तोच गोळा त्याला पुढे ढकलतो. एकाच विजेचा दोनदा उपयोग, आपल्या भाताच्या पेजेसारखा. मूळ कामालाच धरून बसले असते, तर कंपनी लवकर आटोपली असती असे मला वाटते. आणि दर महिन्याचा हप्ता डोक्यावर असता, तर वाट बदलायला सवडच मिळाली नसती.

या यंत्रांपैकी एक आपल्या मुंबईतही आले. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत साडेपाच मेगाव्होल्टचे, म्हणजे ५५ लाख व्होल्टचे यंत्र बसले. ते तीस वर्षे चालले. नंतर आपल्या शास्त्रज्ञांनी ते भंगारात काढले नाही. त्याच जागेत, तिथलीच व्यवस्था वापरून त्यांनी टँडमच्या धर्तीचे नवे यंत्र उभे केले. त्यात आयन वर जाऊन चुंबकाने वळवला जातो आणि पुन्हा खाली येतो. त्यातून २००० साली झोत निघाला.

आणि तुमच्या हातातला मोबाईल? त्याची चिप सिलिकॉनची असते. नुसते सिलिकॉन फारसे कामाचे नाही. त्यात बोरॉन किंवा फॉस्फरसचे अगदी थोडे अणू नेमक्या जागी, नेमक्या खोलीवर घालावे लागतात. दुधाला विरजण लावतो तसे, चमचाभर, पण सगळा गुण बदलणारे. हे विरजण आयनांच्या झोताने लावतात. त्या कामाची यंत्रे करणारी एक्स्ट्रिऑन ही कंपनी १९७१ मध्ये पीटर रोझ यांनी काढली, आणि ते आपल्या याच हाय व्होल्टेज कंपनीतून बाहेर पडलेले होते.

मूळ कंपनीचे पुढे मालक बदलले, तिने भलतेच धंदे विकत घेतले, कर्ज वाढवले आणि २००४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची हॉलंडमधली शाखा मात्र आजही आयनांची यंत्रे बनवते.

आता आपल्याकडे या. हप्त्याचा नियम मी मोडा म्हणत नाही. शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, दवाखाना, यांना हप्त्याचेच कर्ज बरे. त्याच शिस्तीवर आपले गट उभे आहेत. पण आमच्या एका गटातल्या ताईंना शेवग्याच्या पानांची पावडर करून विकायची होती. पाने सावलीत वाळवायची, प्रयोगशाळेत तपासून घ्यायची, परवाना काढायचा, पाकिटे छापायची. पहिले सहा महिने घरात एक रुपया येणार नव्हता. शेकडा दोन रुपयांच्या कर्जावर त्यांनी हप्ते भरले ते मजुरीला जाऊन, आणि मजुरीला गेल्यावर पावडर करणार कोण? चौथ्या महिन्यात त्यांनी नाद सोडला. कर्ज पूर्ण फिटले, म्हणून गटाच्या वहीत ते यशस्वी कर्ज म्हणून नोंदले आहे. मला ती नोंद पटत नाही.

माझी सूचना एवढीच. वर्षाला गटाला जे व्याज मिळते, त्यातला दहावा हिस्सा वेगळा ठेवावा. बायकांच्या बचतीला हात लावायचा नाही, फक्त व्याजाला. त्यातून दर वर्षी एकीला नव्या कामासाठी पैसे द्यावेत, पहिले वर्षभर हप्ता नाही. काम चालले तर ठरलेली वर्षे नफ्यातला ठरलेला वाटा गटाला. बुडाले तर वसुलीला कुणी दारात उभे राहायचे नाही. हे सगळे पैसे देण्याआधी ठरावात लिहावे, नंतर नाही. अर्ज वाचताना नाव झाकून वाचावा, आणि अर्जदार बाईची जाऊ, नणंद, सासू जी कुणी गटात असेल, तिने त्या दिवशी मत देऊ नये. दर तीन महिन्यांनी काम कुठवर आले ते बैठकीत ऐकायचे. आणि एखादीने येऊन सांगितले, की ताई, पावडर खपत नाही पण शेवग्याची रोपे खपतात, तर तिला रोपे करू द्यावीत.

ठरावाचा कच्चा नमुना मी लिहून ठेवला आहे. ज्या गटांना हवा असेल, त्यांनी सचिवांना वही घेऊन माझ्याकडे पाठवावे.