विषयांची यादी आणि विद्यापीठाचा हेतू



अभ्यासक्रमांच्या संख्येवरून विद्यापीठाची थोरवी मोजण्याची प्रथा पडली आहे. परंतु कोणता विषय, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, हे प्रश्न अधिक मूलभूत आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, ते याच प्रश्नांना सामोरे जाऊन.

आरंभी महाविद्यालयात अवघ्या ५ विद्यार्थिनी होत्या. माध्यम मातृभाषेचे, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था यांनाही पदवीच्या अभ्यासात स्थान मिळाले. पदवीचे नावही स्वभाषेतले होते : ‘गृहीतागमा’.

हे स्त्रियांना दुय्यम शिक्षण देणे आहे, असा आक्षेप तेव्हा झाला. शासनमान्यतेअभावी पदवीधर स्त्रियांची वाटही बिकट होती. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाखांच्या देणगीने संस्थेला आधार मिळाला. वैधानिक मान्यतेसाठी मात्र १९५१ साल उजाडावे लागले. आज तेथेच परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकीही शिकविली जाते. आक्षेपाला काळानेच उत्तर दिले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत अन्य शाखेतील विषय घेण्याची मुभा दिली आणि भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. मात्र मराठीत दर्जेदार ग्रंथ आणि ते समर्थपणे शिकविणारे प्राध्यापक नसतील, तर ही मुभा कागदावरच राहील. विषयांची यादी शासन देऊ शकते. तिच्यात प्राण ओतण्याचे कार्य समाजालाच करावे लागते. कर्व्यांनी मान्यतेची वाट पाहिली नव्हती, हे विसरता कामा नये.