सापांची मांडणी



सापांसाठीं घरीं मांडणी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींनीं पाय वर घेतले असतील, तर त्यांत मला नवल वाटणार नाहीं. पण मी लोणावळ्याजवळच्या भुशी गांवीं राहतों. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून बांधलेलें आमचें धरण पाहावयास दर पावसाळ्यांत पुण्यामुंबईचीं माणसें लोटतात. आणि त्याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्यामुळें सापही आमच्या ओट्यांवर येतात. पाहुणे दोन्ही, एक गाजावाजा करीत येतो, दुसरा मुकाट्यानें. तेव्हां सापाचें आम्हांस फारसें अप्रूप नाहीं.

गेल्या वैशाखांत माझा चौदा वर्षांचा नातू सुटींत आला, तो एक चित्र घेऊनच. परदेशांत साप पाळणारे लोक घरच्या घरीं पुस्तकांच्या मांडणीसारखी एक मांडणी तयार करतात, तिचें तें चित्र होतें.

"आजोबा, तुम्हीं शाळेंत सुतारकाम शिकविलें आहे ना? मग आपण हीच करूं, आणि ओढ्याजवळची धामण आणून तींत ठेवूं."

"धामण ठेवतां येणार नाहीं," मीं म्हटलें. "रानांतला साप परवानगीवांचून धरणें आणि बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे."

"मग परदेशी आणूं. बॉल पायथन!"

"त्याची सरकारांत नोंद करावी लागते, २०२४ सालीं तसे नियम झाले आहेत. पण आधीं मांडणी तर करूं. एक पावसाळा ती रिकामी ठेवूं. ती टिकली, तर पुढचें बोलूं."

करवत पुष्कळ दिवसांनीं हातीं येत होती, हेंही खोटें कशाला बोलूं?

ही मांडणी दिसावयास साधी, पण तिच्यांतील प्रत्येक गोष्टीस कारण आहे. आम्हीं तीन फूट उंचीची, पांच खणांची केली. प्रत्येक खणांत प्लास्टिकचा एक पसरट डबा ड्रॉवरसारखा सरकतो. डब्यास झांकण नाहीं. वरची फळी हेंच त्याचें झांकण. म्हणून डब्याची कड आणि फळी यांमधील फट हा सर्व कामाचा जीव. साप डोकें जेथून घालूं शकतो, तेथून बहुधा अंगही काढून नेतो. आम्हीं माप ठरविलें तें असें : फटींत दोन पोस्टकार्डें सरकावीं, तिसरें अडावें.

डब्याच्या कुशींना हवेसाठीं भोंकें पाडावयाचीं, तीं डाग देण्याच्या तापलेल्या कावियानें, आणि तींही आंतून बाहेर. म्हणजे वितळलेल्या कडा बाहेर राहतात व सापाचें अंग खरचटत नाहीं. सापाचें रक्त आपल्यासारखें आंतून तापत नाहीं. ऊब त्यास बाहेरून घ्यावी लागते. म्हणून मागच्या बाजूस विजेची ऊब देणारी पट्टी लावतात. त्या आफ्रिकी अजगरास मागें सुमारें ३२ अंश आणि पुढें २६ अंश उष्णमान लागतें, म्हणजे त्याला हवी तेथें सरकतां येतें. पट्टीस उष्णमान आवरणारें यंत्र, थर्मोस्टॅट, जोडलेंच पाहिजे. नाहीं तर ऊब देणारी पट्टीच त्याला भाजते. तळाला कागद, एक पाण्याचें जड भांडें, लपावयास एक आडोसा, आणि एका डब्यांत एकच साप.

"इतक्या अंधाऱ्या खणांत त्याला कोंडल्यासारखें होत नाहीं?" नातवानें विचारलें. प्रश्न चांगला होता. पश्चिम आफ्रिकेंतील हा अजगर दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत पडून राहतो. भ्याला कीं अंगाचा चेंडू करतो, म्हणून तर त्याचें तसें नांव पडलें. अंधारी, तंग जागा हेंच त्याचें घर. शिवाय पाळलेले पुष्कळसे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्याच घरीं जन्मलेले असतात.

"आणि धामण?"

ह्या प्रश्नाचें उत्तर मला चाळीस वर्षें ठाऊक होतें. तें मीं कोणास सांगितलें नव्हतें.

१९८४ सालीं मी एका शाळेवर शिक्षक होतों. एका विद्यार्थ्यानें गवताच्या गंजीपाशीं धरलेली पांच हातांची धामण वर्गांत आणली. कायदा होऊन बारा वर्षें झालीं होतीं, पण मला त्याची वार्ता नव्हती. मीं ती प्रयोगशाळेच्या कांचेच्या कपाटांत ठेवली. पाण्याचें भांडें ठेवलें, बेडूक सोडले, आणि मुलांना शिकविलें कीं ही बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची सखी. शिकविलें तें सर्व खरें होतें. पण धामण ही दिवसा हिंडणारी, बांधाबांधानें धांवणारी जात. ती कांचेवर तोंड घासूं लागली; घासून घासून नाकपुडी सोलली. कपाट पश्चिमेच्या खिडकीपाशीं होतें. दुपारीं कांच तापे, आणि तिला सरकावयास सांवलीची जागा नव्हती. बेडकांना तिनें तोंड लावलें नाहीं. अकराव्या दिवशीं ती मेली. मुलांनीं कारण विचारलें. "ती म्हातारी झाली होती," असें मीं सांगितलें.

नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें कावा बाजूला ठेवला, इतकेंच.

ज्येष्ठांत तो घरीं गेला. आषाढांत भुशीला पाऊस कसा लागतो, तें येथें राहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. भिंतींना ओल येते, काड्यापेटी पेटत नाहीं. आमच्या मांडणीच्या फळ्या फुगल्या आणि मधोमध खालीं वाकल्या. वैशाखांत सोडलेली दोन पोस्टकार्डांची फट नाहींशी झाली. मधले दोन डबे असे बसले, कीं ओढून निघेनात. त्यांतच वीज दोन दिवस गेली. मीं त्या अडकलेल्या डब्यांकडे पाहत उभा राहिलों. आंत जीव असता, तर त्याला ना ऊब मिळती ना पाणी. आणि ह्या कोंदट ओलीनें त्याची कातडी आणि छाती दोन्हीं बिघडलीं असतीं. मीं नातवास फोन करून सर्व सांगितलें. तो म्हणाला, "आजोबा, आपण ती रिकामी ठेवली, हें बरें झालें."

दिवाळींत आम्ही दोघे पुण्यास कात्रजच्या सर्पोद्यानांत गेलों. १९८६ सालीं तें सुरू झालें. तेथें तो एका सापापुढें अर्धा तास उभा होता. साप पाहावयाचा असेल, तर माणसानें त्याच्याकडे जावें. त्याला आपल्या घरीं आणूं नये, हें मला सांगावें लागलें नाहीं.

मांडणी आमच्या पडवींत आहे. तिच्या खणांत कांदे, गमबूट आणि एक विजेरी असते. पावसांत घरांत साप आला, तर विजेरी घेऊन लांबून त्यावर नजर ठेवावी, मुलांना आणि गुरांना बाजूस करावें आणि वनखात्याला कळवावें, इतकी आमची आतांची सर्पसेवा.

माझ्या त्या वर्गांतील मुलें आज पन्नाशी ओलांडून गेलीं असतील. त्यांपैकीं कोणी हें ऐकत असेल, तर त्यानें एवढी दुरुस्ती करून घ्यावी : ती धामण म्हातारी नव्हती.