प्रयोगशाळेतील हंगामी माणूस



पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा मान वेगळा असतो. नजर उमटविणारा हात घडायला वर्षे लागतात. म्हणून तो हात हंगाम संपताच दुरावू नये, अशी कारखानदाराची धडपड असते. पेणच्या कारखानदाराला जे उमगते ते विद्यापीठांना उमगू नये, हे नवल होय.

पेण-रोह्याकडची मुले-मुली आज जीवतंत्रज्ञानाच्या पदव्या घेऊन मुंबई-पुण्याच्या जैवअभियांत्रिकी प्रयोगशाळांत नोकरी शोधतात. जाहिराती निघतात त्या ‘प्रोजेक्ट असोसिएट’ वा ‘ज्युनिअर रिसर्च फेलो’ ह्या पदांच्या. त्यांत एक अट ठरलेली असते : नेमणूक निव्वळ तात्पुरती असून ती प्रकल्पाबरोबर संपेल, कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा, नेमणूक एकेका वर्षाची. ज्युनिअर फेलोचे मासिक मानधन २०१४ मध्ये २५,००० रुपये होते. ते २०१९ मध्ये ३१,००० व २०२३ मध्ये ३७,००० झाले. महागाई भत्ता नाही. २०१९ च्या वाढीपूर्वी तर देशभरच्या तरुण संशोधकांना रस्त्यावर उतरावे लागले होते.

आणि काम कोणते? पेशी रविवार पाळत नाहीत. त्यांना वेळेवर पोषकद्रव मिळाले नाही, वा संवर्धनात जंतू शिरले, तर महिन्यांचे श्रम वाया जातात. ह्या कामातील ज्ञान निम्मे नोंदवहीत असते आणि निम्मे माणसाच्या हातात. माणूस गेला की ते निम्मे ज्ञान जाते. त्याच्या जागी येणारा पुन्हा पहिल्यापासून शिकतो. हा अपव्यय जनतेच्या पैशाचा आहे.

मुंबईची आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या सहकार्यातून साकारलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार-१९’ उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशांतील अशा उपचारांहून तो पुष्कळ स्वस्त आहे. असे यश एका प्रकल्पाच्या मुदतीत पदरी पडत नाही. जवळचे उदाहरण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे. कोकण कृषी विद्यापीठाच्या ह्या केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल’ भाताचे वाण दिले. उधाणाने बांधाला खांड गेली की शेताचे काय होते, हे पेणच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु भाताचा एक वाण सिद्ध करायला अनेक खरीप हंगाम लागतात, आणि तेवढा काळ त्याच शेतात टिकणारी माणसे लागतात.

ह्यावर ठरलेला आक्षेप असा, की पैसाच प्रकल्पाचा. तो संपल्यावर माणूस पोसायचा कशातून? कायद्याचाही आधार दिला जातो. तात्पुरत्या नेमणुकीतून कायमपणाचा हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात म्हटले. तथापि, त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात बजावले, की नित्याच्या कामावर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना तात्पुरते ठरवून त्यांचे हक्क डावलण्यासाठी त्या निकालाची ढाल करता येणार नाही. तो खटला मुख्यतः सफाई कामगारांचा होता. प्रयोगशाळेतील पदवीधराने त्यापासून शिकावे असे पुष्कळ आहे. श्रमाच्या बाजारात पांढरा कोट वेगळा संरक्षक ठरत नाही.

सगळ्यांनाच कायम करा, अशी मागणी कोणी करीत नाही. मागणी माफक आहे. प्रत्येक प्रयोगशाळेचा कणा असणारी तंत्रज्ञांची काही पदे विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवर असावीत. बाकीच्यांची नेमणूक प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीची असावी. मानधन दरमहा मिळावे, भविष्यनिर्वाह निधी मिळावा आणि पुढील भरतीत अनुभव मोजला जावा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद १९५६ ते १९६१ ह्या काळात रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी भूषविले होते. त्या आयोगाकडे हा प्रश्न नेण्याचे काम रायगडच्या तरुणांनी करावे. मात्र एकेकट्याने अर्ज करून ते साधणार नाही. त्यासाठी संघटनाच उभारावी लागेल.