मोडलेल्या सालानंतरची पेरणी
खरीपपूर्व जिल्हा बैठकीत, यवतमाळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर



बैठकीच्या पत्रकात आमच्या नावापुढे ‘खरिपाची तयारी’ असा विषय छापला आहे. वाण, बियाण्याचे प्रमाण, खताच्या मात्रा हे सगळे वेगळ्या कागदावर दिले आहे. तो कागद घरी नेऊन वाचा. आज आम्हाला त्याच्या अलीकडचे बोलायचे आहे. ज्या घरात मागच्या सालात काही मोडले, म्हणजे कर्ता माणूस गेला, भाऊ वेगळे निघाले, शहरातले काम सुटून पोरगा गावी आला, नांदायला गेलेली लेक परत आली, त्या घराने जूनमध्ये तिफण कशी धरायची? मृग काही सुतक पाळत नाही. या मंडपात असे एकही घर नाही असे कोणी म्हणणार असेल तर त्याने हात वर करावा. पाहा, एकही हात वर नाही.

आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेतली, काही वर्षे पगारावर सल्ला दिला आणि मग तुमच्यात आलो. तेव्हापासून दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहून बोलत आलो. घरचे वावर वडील आणि धाकटा भाऊ पाहत. २०२३ च्या नोव्हेंबरात, कापसाची वेचणी चालू असताना वडील गेले. २०२४ च्या पाडव्याला घरात दोन चुली झाल्या. आणि मृग आला तेव्हा आमच्या दारात एक बैल उभा होता. एकच. दुसरा भावाच्या दारात. जोडी वाटली की दोन्ही घरी अर्धी जोडी राहते, आणि अर्ध्या जोडीने काही वखर चालत नाही.

चुली का वेगळ्या झाल्या ते सांगतो, कारण ते तुमच्याही घरात आज ना उद्या येणार आहे. वडिलांच्या नावे अठरा एकर. वारस चार : आई, आम्ही दोन भाऊ आणि बहीण. चौघांना सारखे, म्हणजे साडेचार-साडेचार एकर. भावाचे म्हणणे, बहिणीने हक्कसोड लिहून द्यावी. तिच्या लग्नाचा खर्च घराने केला, ती काही निंदायला येणार नाही, असे त्याचे बोलणे. तो काही वाईट माणूस नाही. गावात बहुतेकांचे तेच म्हणणे असते आणि तो गावातच राहतो. पण महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला, आणि २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले. बाईच्या नावे जमीन करा म्हणून आम्ही गावोगाव बोलत होतो. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर वेगळे काय लिहिणार? बहिणीचे नाव राहिले. तिचे साडेचार एकर आम्ही बटाईने करतो. भावाने त्या दिवसापासून आमच्याकडचा चहा सोडला.

आता आईचे ऐका. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली त्यात आमचे वडील होते. दोन एकर. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गावातली माणसे वडिलांना हसली होती, एवढे आठवते. चौतीस वर्षांनी त्याच दोन एकरांनी आमची पेरणी केली. वडिलांच्या खात्यावर पीक कर्ज बाकी होते. नवे कर्ज मागायला गेलो तर उत्तर मिळाले की सर्व वारसांची नावे लागून, वाटणी होऊन, जुने खाते मिटल्याशिवाय काही नाही. उत्तर नियमाने बरोबर असेल, पण पाऊस दारात उभा होता. आईच्या दोन एकरांचा सातबारा वेगळा, खाते वेगळे, सही तिची स्वतःची. तिच्या नावावर जे पीक कर्ज मिळाले त्यातून सरकी आणि खत आले. इथे बसलेल्या गड्यांना विचारतो : तुम्ही उद्या नसलात तर तुमच्या घरात असे दोन एकर आहेत का?

कागदाचे थोडे बोलू. कंटाळवाणे आहे, पण साल मोडते ते इथेच. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते. आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असे लिहिलेले असते, माणूस तोच. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, पत्ते, नाते. त्यानंतर फेरफाराची नोटीस, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी, कारण गावोगाव सातबाऱ्यावर मेलेली माणसे शेती करीत होती. पण एक ध्यानात ठेवा. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीने सगळ्यांची नावे सामाईक लागतात, एवढेच. वाटणीचे काम वेगळे, त्याला सगळ्यांची संमती लागते, आणि संमतीसाठी घरोघरी जावे लागते. बहिणीच्या सहीसाठी आम्ही तिच्या गावी गेलो, तिला इकडे बोलावले नाही. ज्याचा हक्क त्याच्या दारी जायला काय हरकत आहे?

आणि कर्जाचे. वडिलांचे देणे वारसाकडे येते ते वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. तेराव्यालाच दारात येऊन कोणी तुमच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा मागू लागला तर देऊ नका. पंधरा दिवस थांबा म्हणावे. विधवा बाईच्या बाबतीत हे फार घडते. आमच्या तालुक्यातल्या एका बहिणीला सासरच्यांनी सांगितले, माहेरी जा, वावर आम्ही पाहू. ती गेली नाही. तिने पहिल्या वर्षी कपाशी निम्म्यावर आणली आणि बाकीच्या वावरात ज्वारी घातली, का तर घरात दोन लेकरे आणि दोन शेळ्या, दोघांनाही खायला लागते. कृषी केंद्रात उधारीवर काय द्यायचे ते दुकानदार ठरवत असे. तिने रोखीने एकच थैली घेतली आणि पक्की पावती मागून तिथेच बसून राहिली. पावती मिळाली. आज गावातल्या दुसऱ्या बाया तिला सोबत घेऊन दुकानात जातात.

आता वावरात या. नव्याने सुरुवात करणाऱ्या घराजवळ दोन गोष्टी नसतात, पैसा आणि दुसरी संधी. म्हणून पहिल्या पावसावर धावायचे नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेली की मगच पेरायचे. शेजारी पेरतो म्हणून आपण पेरायचे नाही. शेजाऱ्याजवळ दुबार पेरणीची थैली असेल, आपल्याजवळ ती नाही. घरची ज्वारी बियाण्याला वापरणार असाल तर शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवा. ७५ च्या वर उगवले तर पेरा, नाहीतर ते दळून खा. पेरण्याआधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, काणी येत नाही. याला फार पैसे लागत नाहीत.

आम्ही काय पेरले? आमच्याच विद्यापीठाची जुनी शिफारस : सहा तास कपाशी, एक तास ज्वारी, दोन तास तूर, पुन्हा एक तास ज्वारी. पदवीच्या काळात हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. मोडलेल्या सालात त्याचा अर्थ कळतो. कपाशी नगदी पैशासाठी. ज्वारी भाकरीसाठी, आणि भाकरीहून अधिक कडब्यासाठी, कारण बैल एक असो की दोन, खातोच. तुरीचे मूळ खोल जाते. पाऊस उघडला आणि कपाशीने मान टाकली तरी तूर उभी राहते, आणि तिचा पाला वावरातच पडतो. ज्वारीच्या कणसावर पाखरे बसतात, दाणे खातात ही तक्रार खरी आहे. पण तीच पाखरे खाली उतरून पऱ्हाटीवरच्या अळ्याही टिपतात. रानडुकराला मात्र आमच्याजवळ उत्तर नाही. ज्याच्याजवळ असेल त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगावे.

पेरायला जोडी कुठून आणली? नवी जोडी घेण्याची ऐपत नव्हती आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर लागेपर्यंत वाफसा गेला असता. आईने तोडगा काढला. तिने भावाला निरोप धाडला : एक दिवस दोन्ही बैल तुझ्या वावरात, एक दिवस याच्या. तुम्ही बोलू नका, बैलांना चालू द्या. आपल्याकडे याला सावड म्हणतात, फक्त ती शेजाऱ्यांत असते, भांडलेल्या भावांत नसते. आठ दिवस तसे चालले. सकाळी भाऊ आमच्या दारातून बैल सोडून न्यायचा, दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दारातून. पोळा आला २ सप्टेंबरला, वरून पाऊस कोसळत होता. आमच्या घरी वर्ष पाळलेले, सण नाही. भावाने दोन्ही बैल एकत्र तोरणाखाली उभे केले, आणि संध्याकाळी आमचा बैल आमच्या खुंट्याला बांधून गेला. बोलला नाही. अजूनही बोलत नाही. ही सावड मात्र मोडलेली नाही.

वडिलांसोबत आणखी एक गोष्ट गेली. कोणत्या तासात पाणी साचते, कोणता तुकडा आधी वाफशावर येतो, कोणाकडून किती उसने घेतले, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. माती परीक्षणाच्या कागदावर नत्र आणि स्फुरद असते, हे नसते. आईला त्यातले बरेच ठाऊक निघाले, तिला आजवर कोणी विचारले नव्हते. तिला वावरात नेले, ती बोलत गेली, आम्ही वहीत लिहीत गेलो. तुमच्या घरात म्हातारे माणूस असेल तर हे काम या उन्हाळ्यात करा. वही दहा रुपयांना मिळते.

दोन गोष्टी धोक्याच्या. घरात कर्ता बदलला की पंप नव्या खांद्यावर येतो. पहिल्यांदा फवारणारा पोरगा, पहिल्यांदा औषध कालवणारी बाई. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, किती घरे उघडी पडली ते तुम्ही पाहिले आहे. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारायचे नाही, वाऱ्याच्या तोंडावर उभे राहायचे नाही, दोन-तीन औषधे एकत्र कालवायची नाहीत. नाक-तोंड बांधा, अंगभर कपडे घाला, उपाशीपोटी जाऊ नका. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिले म्हणजे ते शास्त्र होत नाही. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

दुसरे फरदडीचे. पैशाची ओढ असलेल्या घराला जानेवारीत हिरवी पऱ्हाटी दिसली की अजून दोन वेचण्या घ्याव्या वाटतात. त्या दोन वेचण्यांवर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत जगते, तुमच्याही आणि शेजाऱ्याच्याही वावरात. आम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली. आईने तोंडावर विचारले, एवढा कापूस टाकून देता? तो कापूस नव्हता, अळीचे घर होते, हे तिला बोंड फोडून दाखवावे लागले.

विकायच्या वेळी पुन्हा कागद आडवे आले. २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याचा हमीभाव ७१२१ रुपये, लांब धाग्याचा ७५२१. खरेदी केंद्रावर सातबारा लागतो आणि त्यावर कापसाची पीक नोंद लागते. ई-पीक पाहणी झाली नसेल, किंवा सातबाऱ्यावर अजून वडीलच असतील, तर माल तुमचा असून तुमचा ठरत नाही, आणि तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. आमची नोंद वेळेत झाली होती, बहिणीचीही. तिच्या बटाईच्या हिश्शाचे पैसे तिच्या खात्यात गेले. त्या रात्री तिने फोन केला आणि किती जमा झाले ते दोनदा वाचून दाखवले. ज्वारी विकली नाही. कोठीत आहे.

साल संपल्यावर हिशेब केला तर हातात फार उरले नाही. आईच्या नावावरचे पीक कर्ज फिटले, वडिलांच्या बाकीतले निम्मे उतरले, बैल पोसला, घर ज्वारीने भरले. दुसरा बैल अजून घेतलेला नाही. यंदाही एक दिवस त्याच्या वावरात, एक दिवस आमच्या. बहिणीने निरोप पाठवला आहे की यंदा पेरणीला ती चार दिवस राहायला येते, आणि उतरणार आहे धाकट्याच्या घरी. तो दार उघडतो की नाही ते मृगात कळेल.

आता जेवणाची सुट्टी होईल. ज्यांची वारस नोंद अडली आहे त्यांनी मंडपाच्या मागच्या बाजूला थांबावे. मृत्यूचा दाखला आणि जुना सातबारा सोबत असेल तर अर्ज इथेच लिहून देऊ. बायांनी आधी यावे. कोणाचा दीर किंवा सासरा सोबत आला असेल तर त्याने तोवर जेवून घ्यावे.