घाटाची शर्यत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात वडोदरा येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या चिटणिसांनी आम्हांस 'साताऱ्याच्या डोंगरी शर्यतीचे अनुभव' असा विषय दिला आहे. शिक्षकाला अनुभव सांगावयास उभे केले की तो धडा शिकवू लागतो, अशी आमच्या वर्गाची ख्याती आहे. ती आज होईल तितकी खोटी ठरवू. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महोत्सवी निधीतून दरवर्षी वीस तरुणांना या शर्यतीसाठी साताऱ्यास धाडावे, त्यांचा गाडीभाडे, प्रवेशशुल्क आणि बनियन यांचा खर्च ट्रस्टने सोसावा, असा एक ठराव कार्यकारी मंडळापुढे आला आहे. जी चार माणसे ती शर्यत धावून आली, तीच आम्ही या ठरावाच्या विरुद्ध आहोत. असे का, ते सगळे ऐकल्यावाचून कळणार नाही. तेव्हा दारापाशी बसलेल्या मंडळींनी चहासाठी लवकर उठू नये ही विनंती.

प्रथम शर्यत काय आहे ते सांगतो. सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. तेथे २०१२ पासून 'सातारा हिल हाफ मॅरेथॉन' भरते, बहुधा सप्टेंबरात, पाऊस सरत आला आणि शरद ऋतू तोंडावर आला म्हणजे. अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनचे बरोबर निम्मे. गावातून निघावयाचे, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढावयाचा, वर जाऊन वळावयाचे आणि त्याच वाटेने खाली यावयाचे. एवढेच. २०१५ साली या घाटात अडीच हजारांहून अधिक माणसे एका वेळी धावली आणि एकाच डोंगरावरील धावकांच्या संख्येचा जागतिक विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला. गाव तसे लहानच, पण त्या दिवशी घराघरांतून माणसे रस्त्यावर येतात. कोणी ढोल वाजवितो, कोणी टाळ्या, आणि आम्हांसारख्या परगावच्या पोक्त माणसालाही पोरे "चला काका, चला!" म्हणून हाका मारतात.

अनेकांची समजूत अशी की ही शर्यत कास पठाराच्या फुलांतून जाते. तशी ती जात नाही; पठार आणखी पुढे राहते. फुले पाहावयाची असतील त्यांनी दुसऱ्या दिवशी मोटारीने जावे. आम्ही गेलो होतो. पण त्या दिवशी मोटारीतून उतरताना आमच्या तोंडून जे उद्गार निघाले, ते फुलांविषयीचे नव्हते. त्याकडे पुढे येतो.

मॅरेथॉन हे परदेशी फॅड आहे असे आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी म्हणतात. नाव परदेशी आहे खरे. १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली आणि ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहणारा साधा माणूस होता. पुढे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात धावलेले ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर १९२१ मध्ये कायम ठरले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० साली, बेल्जममधील अँटवर्प येथे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची मॅरेथॉन धावून एकोणिसावा आलेला गडी आपल्या बेळगावचा होता. फडेप्पा चौगुले हे त्याचे नाव. वेळ दोन तास पन्नास मिनिटे आणि पंचेचाळीस सेकंद. आज उत्तम बूट घालून, घड्याळात हृदयाचे ठोके पाहत धावणाऱ्या हजारोंना ती वेळ साधत नाही.

आणि वडोदऱ्यात बसून व्यायामाला परके म्हणणे तर आपल्याला शोभतच नाही. दांडियाबाजारात जे व्यायाम मंदिर आहे, त्याच्या दारावर जुम्मादादांचे नाव आहे. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. शिष्याने संस्था वाढविली, देशभर कीर्ती मिळविली, आणि नाव गुरूचे राखले. याच शहरात आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. 'तालीम' हा शब्दच पाहा ना. अरबीत त्याचा अर्थ शिक्षण. आमच्या घरी मुलाला तालीम दिली म्हणजे शाळेत घातला असाच अर्थ होतो. मराठीत येऊन तो आखाड्याचे आणि रोजच्या सरावाचे नाव झाला. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: तालीम एका दिवसाची नसते. आमच्या विरोधाचे मूळ येथे आहे.

आता आमची हकीकत. २०२३ च्या एप्रिलात रमजान ईद झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही पाचजणांनी सरावाचा बेत केला. तीन शिक्षक, एक ग्रंथपाल आणि आमच्या ओळखीच्या शाळेतील गणिताच्या बाई. सगळे चाळिशी ओलांडलेले. ग्रंथपाल तर पन्नाशीचे आणि गोळ्या घेऊन मधुमेह सांभाळणारे. बाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली की प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, नाही तर आपण येणार नाही. आम्ही पुरुषांनी ती अट जरा हसण्यावारी नेली, पण पाळली.

सगळ्यांचे लक्ष ग्रंथपालांकडे होते. ते साफ उत्तीर्ण झाले. नापास झाले ते आमच्यातील सर्वांत सडसडीत शिक्षक, ज्यांच्याकडे बोट दाखवून आम्ही विद्यार्थ्यांना "असे व्हा" म्हणत असू. चालत्या पट्ट्यावर चालवून त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, तो पाहून डॉक्टरांनी तपासणी मध्येच थांबविली. पुढे मोठ्या तपासण्या झाल्या, हृदयाच्या एका रक्तवाहिनीतील अडथळा दूर करण्यात आला. त्यांना त्यापूर्वी छातीत कधी कळ आली नव्हती. आज ते आपल्या पत्नीसह या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि हे सांगावयास त्यांनीच आम्हांस परवानगी दिली आहे. त्यांना साताऱ्याने वाचविले असे लोक म्हणतात. साताऱ्याचा त्यात काही संबंध नाही. ते साताऱ्यास गेलेच नाहीत.

उरलेल्या चौघांपुढे प्रश्न होता तो डोंगराचा. वडोदरा समुद्रसपाटीपासून शेसव्वाशे फुटांवर, आणि आसपास जमीन पाटासारखी सपाट. साताराच मुळी दोन हजार फुटांहून उंच, आणि तेथून घाट सुरू व्हावयाचा. आम्ही पहाटे कमाटीबागेत धावावयाचो. आमची फज्रची नमाज आटोपून निघण्याची सवय येथे फार उपयोगी पडली. बाकीच्यांना गजर लावावा लागे. चढासाठी फत्तेगंजच्या उड्डाणपुलावर खालीवर फेऱ्या मारावयाच्या. दूधवाले आणि रिक्षावाले थांबून पाहत. एकाने तर काही हरवले आहे काय म्हणून चौकशीही केली.

पण पुलाचा चढ तो किती! पूल संपतो तेव्हा कोठे दम लागावयास सुरुवात होते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा रविवारी पावागडास जाऊ लागलो. चांपानेरहून माचीपर्यंत जी गाडीवाट चढते, तिच्यावर पहाटे धावावयाचे. आणि येथे बाईंनी दुसरा आग्रह धरला, ज्याचे कारण आम्हांस नंतर कळले. चढून झाल्यावर आम्ही म्हणत असू, आता जीपने खाली जाऊ, चहा घेऊ. बाई म्हणत, "नाही. उतरायचंही धावतच." ग्रंथपाल त्यांचे ऐकत. उरलेले आम्ही दोघे शिक्षक कधी ऐकत असू, कधी शाळेच्या कामाचे निमित्त सांगून जीप गाठत असू.

चढ आणि उतार यांच्यातला फरक थोडा समजावून घेण्यासारखा आहे. चढावर कष्ट पडतात ते छातीला. शरीर वर उचलावयाचे, त्याला प्राणवायू अधिक लागतो, ठोके वाढतात, दम लागतो. आणि दम लागला की माणूस आपोआप हळू होतो. म्हणजे चढ हा माणसाला स्वतःच आवरतो. उताराला असा लगाम नाही. तेथे श्वास सोपा असतो, मन खुश असते, पाय आपोआप पडतात. परंतु प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू भार सोसत असतानाच ताणले जातात, ब्रेक दाबून धरल्यासारखे. त्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या क्षणी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. शरीरशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखविली आहे: आधी एकदा जरी स्नायूंनी असा मार खाल्ला असेल, तरी पुढचे काही आठवडे ते त्याच माराला पुष्कळ कमी दुखतात. बाईंना हे ठाऊक होते. त्यांनी ते वाचले होते. गणिताची माणसे न वाचता आग्रह धरीत नाहीत.

वडोदऱ्याहून गाडीने पुणे, आणि स्वारगेटहून एसटीने सातारा. आमचे पूर्वज त्याच बाजूहून गायकवाडी नोकरीसाठी इकडे आले, म्हणून एसटीच्या खिडकीतून आमचे डोळे कारण नसता भरून येत होते. ग्रंथपालांनी ते वाऱ्यामुळे असल्याचे जाहीर केले, आणि आम्ही ते मान्य केले.

शर्यतीची सकाळ धुक्याची होती. बारीक पाऊस. सुरुवातीची गर्दी, ढोल, लाउडस्पीकर, यांनी माणसाचे डोके फिरते आणि तो आपल्या बेताबाहेर पळू लागतो. आम्ही चौघांनी एकमेकांशी बोलत धावण्याचा नियम केला होता. ज्याला वाक्य पुरे करता येत नाही तो प्रमाणाबाहेर धावतो आहे, असे समजावयाचे. या नियमाला घड्याळ लागत नाही, पैसाही लागत नाही. घाट लागल्यावर वाक्ये आखूड झाली, मग शब्द, मग नुसते हुंकार. तेव्हा आम्ही चालू लागलो. चढावर चालणे यात कमीपणा नाही. आमच्या शेजारून धावत गेलेले कित्येक जण पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभे दिसत. वळणावळणावर धुके फाटून खाली सगळा सातारा दिसे आणि पुन्हा मिटे. पाण्याच्या टेबलापाशी आम्ही घोट-दोन घोटच घेतले. पाणी प्रमाणाबाहेर प्याल्यानेही रक्तातील मीठ उतरून माणूस कोसळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वर वळलो आणि उतार लागला. पहिली दोन-तीन किलोमीटर म्हणजे सुटी लागल्यासारखी. नंतर बाई पुढे गेल्या. मग ग्रंथपाल पुढे गेले. गोळ्या घेणारा पन्नाशीचा माणूस हलक्या, आखूड पावलांनी, गुडघे किंचित वाकवून, टाळ धरल्यासारख्या एका लयीत खाली निघून गेला. आम्हां दोघा शिक्षकांची पावले जड पडत होती. शेवटी गावात पोहोचलो, चौघेही पुरे करून, चौघेही धडधाकट. दुसऱ्या दिवशी कासला मोटारीतून उतरताना जे दोघे "या अल्ला" आणि "आई गं" म्हणाले, ते कोण होते हे सांगावयास नकोच. बाई आणि ग्रंथपाल पठारावर फुले पाहत हिंडत होते.

आता ठरावाकडे येतो. वीस तरुणांना गाडीत घालून साताऱ्यास नेले तर काय होईल? तरुण आहेत, चढून जातील. उताराला पळतील, कारण कोणी आवरणारे नाही. काहींचे गुडघे वर्षभर कुरकुरतील. छायाचित्रे सुंदर येतील. आणि परत आल्यावर पुढच्या सप्टेंबरापर्यंत कोणी सकाळी उठणार नाही. शिवाय ज्यांची तपासणी करावयास हवी ती माणसे या वीसांत नाहीतच. ती आज येथे खुर्च्यांवर बसली आहेत आणि समारंभानंतर जिलबी खाणार आहेत. आम्हीही खाणार आहोत.

मुलींचा प्रश्न काही घरांतून आला. पहाटे बाहेर कशा पाठवावयाच्या, आणि धावून काय मिळवावयाचे. पहिल्या शंकेत तथ्य आहे, आणि तिचे उत्तर सोबत आणि उजेडाची जागा हे आहे. घरी बसविणे हे नव्हे. दुसऱ्या शंकेला सातारा जिल्ह्यानेच उत्तर दिले आहे. माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. तेथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ नंतर कोणी भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलीच नव्हती. आपल्या मुली ऑलिंपिकला जातील असे आम्ही म्हणत नाही. बाईंच्या सोबतीने सध्या पाच मुली येतात. त्यांतील एकीची आजी बाकावर बसून राहते आणि फेऱ्या मोजते. परवा तिने स्वतः एक फेरी चालून पुरी केली.

तेव्हा विश्वस्त मंडळींपुढे मागणे असे आहे. साताऱ्याचा प्रवासखर्च ट्रस्टने देऊ नये. ज्याला जावयाचे तो आपल्या पैशाने जाईल, आणि आपल्या पैशाने जाणारा सराव करून जातो. त्याऐवजी ती रक्कम दोन कामांना लावावी. एक, चाळिशीवरील प्रत्येक सभासदाची, पुरुष असो वा स्त्री, वर्षातून एकदा हृदयाची, रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी. ऐपत नसेल त्याचा सगळा खर्च, असेल त्याचा निम्मा. दोन, महिन्यातून दोनदा पावागडास जाणाऱ्या गाडीचे भाडे. गाडी माचीपर्यंत जाईल, पण ती केवळ सामान आणि दमलेली मंडळी यांच्यासाठी. उतार सगळ्यांनी पायीच उतरावयाचा आहे. याविषयी बाईंशी आमचे बोलणे झाले आहे आणि त्यांत बदल होणार नाही.

सराव रोज सकाळी साडेपाचला कमाटीबागेच्या दाराशी सुरू होतो. तपासणीचे कोरे अर्ज बाहेर टेबलावर ठेवले आहेत. तिसऱ्या रांगेतील आमचे स्नेही ते भरून घेण्यासाठी तेथे बसतील; जिलबीचे टेबल त्यांच्या पलीकडे मांडले आहे.