दप्तरात नसलेले पाडे



खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. त्याचे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात आहे, तसेच महसुली दप्तरातही आहे. सातपुड्यात मात्र दोन टेकड्यांच्या बेचक्यात, ओहोळाकाठी दहा-बारा कुडाची घरे असतात. कोणी त्यास पाडा म्हणते, कोणी फळी. दप्तरास तो ठाऊक नसतो. रेशनकार्ड, मतदारयादी सारे डोंगरापलीकडच्या मूळ गावाच्या नावे. शाळा मंजूर झाली तर ती मूळ गावात होते. ओहोळास पूर आला की पाड्यातले पोर घरीच. अडलेल्या बाईस बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

कागदावर नसण्याची किंमत नर्मदाकाठी दिसली. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत शिरले. महाराष्ट्राची अशी ३३ गावे बुडितात आली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या पुष्कळ जमिनींची मोजणीच नव्हती, म्हणून कसणारा अतिक्रमणदार ठरला. जमिनीच्या बदल्यात जमीन मागू लागताच, पुरावा काय, असा सवाल आला. तेथील शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळही बुडाले. देवासाठी केवडियाजवळ गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. माणसांची भांडणे मात्र वर्षानुवर्षे चालली.

आता कायदा काही अंशी पाड्याच्या बाजूस आहे. १९९६ च्या पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. त्यानुसार पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवल्यास, चौकशीअंती पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो आणि त्यास स्वतःची ग्रामसभा मिळते. (ग्रामपंचायत त्याने वेगळी होत नाही. हा गैरसमज फार आहे व त्यावरून उगाच तंटे होतात.) २००६ च्या वनहक्क कायद्याने वनगावे व मोजणी न झालेली गावे महसुली करून घेणे हा हक्कच मानला आहे. शाळा, अंगणवाडी, पाणी, रस्ता यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवरून प्रत्येक कामास एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळू शकते. झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत.

ठरावात पाड्याची चतुःसीमा लिहावी : ओहोळ कोणता, टेकडी कोणती, देवस्थान कोठे. हे म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे, तेच खरे नकाशे. बायकांच्याही सह्या, अंगठे घ्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख पडल्याखेरीज कचेरीची पायरी उतरू नये.