अडीच फुटांची रेल्वे

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव." सॉफ्टवेअरवर बोलले तर अर्धे झोपतील आणि उरलेले त्याच धंद्यातले असल्यामुळे चुका काढतील. म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा विषय घेतला आहे : आपली बार्शी लाइट.

या गाडीचे विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेत. चालत्या गाडीतून उतरायचं, चिंचा पाडायच्या आणि पळत जाऊन तीच गाडी पुन्हा पकडायची! असे किस्से जेवताना होतीलच. मला आज तिच्याकडे इंजिनीअरच्या नजरेनं बघायचं आहे, कारण ही रेल्वे चेष्टेपेक्षा बऱ्याच मोठ्या मानाची आहे.

१८६० साली जी. आय. पी. रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली, पण बार्शी बाजूलाच राहिली. आपल्याला जवळचं स्टेशन कुर्डुवाडी, आणि त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव काय, तर 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शी नव्हे, बार्शीला जायचा रस्ता! बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, निजामाच्या हद्दीला लागून. तिथला माल बैलगाड्यांत भरून वीसेक मैल न्यायचा आणि मग रेल्वेत चढवायचा.

हे चित्र एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनीअरनं पाहिलं. १८८२ साली तो जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आला होता. १८८७ च्या सुमारास त्यानं बार्शीच्या फाट्याविषयी सरकारशी बोलणी सुरू केली. करार व्हायला १८९५ उजाडलं, आणि १८९७ मध्ये गाडी धावली. बोलण्यात आठ वर्षं आणि बांधण्यात दोन. प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

आता त्याची कल्पना ऐका. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका ॲक्सलवर किती वजन येतं, त्यावर ठरतं. साधारणपणे इंजिन सगळ्यांत जड, म्हणून त्याच्यासाठी सगळा मार्ग भक्कम करावा लागतो आणि तिथेच पैसे संपतात. कॅलथ्रॉपनं उलटा हिशेब केला. आधी ठरवलं, की कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. मग इंजिन असो, डबा असो की वाघीण, सगळ्यांना एकच नियम. लीड्सच्या किटसन कंपनीनं या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना बारा चाकं, म्हणजे सहा ॲक्सल होते, ते याचसाठी. मालाच्या वाघिणींचे सांगाडेही एकाच मापाचे. त्यामुळे मीटरला अवघ्या पंधरा किलोच्या रुळावरून भरपूर माल नेता आला. आजच्या मोठ्या मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो, म्हणजे फरक लक्षात येईल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लोड बॅलन्सिंग म्हणतो आणि त्याचे चांगले पैसे घेतो. एका सर्व्हरवर सगळा भार टाकायचा नाही, वाटून द्यायचा. हे आपल्या गावाच्या रेल्वेनं सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक आणि मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, ती कॅलथ्रॉपनं बार्शीच्याच धर्तीवर उभी केली होती. ती तीस वर्षांत बंद पडली. आपली मात्र शंभरी ओलांडून गेली.

१९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण ३२५ किलोमीटर. कापसाच्या गाठींसाठी निघालेली गाडी वारकऱ्यांची झाली. एकादशीला पंढरपूर आणि द्वादशीला आपला भगवंत, अशी वारी कित्येक पिढ्यांनी याच गाडीनं केली. १९५४ मध्ये सरकारनं कंपनीकडून ही रेल्वे विकत घेतली.

आणि ती आपल्या शाळेचीही झाली. माझ्या बाकावरची मैत्रीण येडशीच्या बाजूनं रोज या गाडीनं यायची. सातवीनंतर तिला घरी बसवायचं घाटत होतं. गाडीत गावातली चार माणसं असतात, पास परवडतो, एवढ्या दोन गोष्टींवर तिच्या वडिलांनी होकार दिला. आज ती दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि स्वतः मुख्याध्यापिका आहे. गाडी उशिरा आली तरी बाई तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत नसत, हेही इथे नोंदवून ठेवते.

मग ही गाडी रुंद का झाली? ऑक्टोबर २००८ मध्ये कुर्डुवाडी ते उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, ब्रॉडगेज सुरू झालं. जुना मार्ग त्या शहरात जातच नव्हता, नवा मुद्दाम तिथून नेला. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. म्हणजे एका वाघिणीत पन्नास टन. आता कॅलथ्रॉपचा हिशेब लावा. चार ॲक्सलच्या वाघिणीला पाच टनांप्रमाणे वीस टन, आणि त्यात वाघिणीचं स्वतःचं वजन आलंच. जुन्या रुळांवरून ते पाणी तसं आलं नसतं.

म्हणून मला वाटतं, अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये बरोबर होती आणि ती रुंद करणंही बरोबर होतं. मोठी रेल्वे हवी म्हणून अडून बसले असते, तर बार्शीला बैलगाडीच उरली असती. आणि लहानच छान म्हणून अडून बसलो असतो, तर लातूर तहानलेलं राहिलं असतं. भार किती आहे आणि तो पेलणार कोण, हा प्रश्न दर पिढीनं नव्यानं सोडवायचा असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या बॅचची सगळी कामं, फोन करणं, हॉल ठरवणं, शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी जमवणं, वर्षानुवर्षं तेच तीन-चार जण ओढतात. हे बार्शीच्या परंपरेला सोडून आहे! निधीची वही दाराशी ठेवली आहे. आकडा लहान चालेल, पण नाव प्रत्येकाचं हवं. कुठल्याही एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको.